झाड निवडण्याआधी घड्याळ बघा

प्रश्न असा आला आहे: ‘मी पहिलीच रहस्यकादंबरी लिहिते आहे. नायिका सुमतीबाई, निवृत्त ग्रंथपाल. शेजारचे वयस्कर गृहस्थ कॉफीचा कप तोंडाला लावतात आणि दोन मिनिटांत कोसळतात. कपात कण्हेर होती, खुनी पुतण्या. मसुदा तिघांना वाचायला दिला. तिघांचं म्हणणं एकच, विष खोटं वाटतं आणि पोलीस असताना या बाई मध्ये कशाला ते पटत नाही. काय बदलू?’

त्या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. दुखणं त्या दोन मिनिटांत आहे.

मी बरीच वर्षं रहस्यकथांची हस्तलिखितं तपासतो. त्याआधी वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचो, त्यामुळे ज्या हस्तलिखितात झाड असतं ते हटकून माझ्या टेबलावर येऊन पडतं. बहुतेकांत एकच खोट असते. लेखक झाड निवडतो ते नावाच्या धाकासाठी. नाव ऐकून वाचक दचकला की काम झालं, असं त्याला वाटतं. झाड निवडायचं ते त्याच्या घड्याळासाठी. गिळल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत किती वेळ जातो, तोवर माणूस कुठे कुठे फिरतो, कोणाशी काय बोलतो, आणि लक्षण दिसल्यावर बघणाऱ्याला ते कशासारखं वाटतं. तुमची अख्खी कादंबरी त्या मधल्या वेळात राहते.

तुमचे गृहस्थ दोन मिनिटांत गेले. म्हणजे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं की कपात काहीतरी होतं. तासाभरात पोलीस आले, कप जप्त झाला, घराला सील लागलं. आता सुमतीबाईंनी करायचं काय? म्हणून मग तुम्हाला तो भला इन्स्पेक्टर आणावा लागला, जो शवविच्छेदनाचा अहवाल बाईंच्या स्वयंपाकघरात आणून वाचून दाखवतो. तिथे तुमचे तिघे वाचक हसले असणार. मीही हसलो असतो.

कण्हेर असं मारतच नाही. तिच्यातली द्रव्यं हृदयावर काम करतात. आधी मळमळ, उलट्या, पोटात कळ, मग नाडी मंद आणि वेडीवाकडी. यात तास जातात. वयस्कर माणूस, त्यात आधीपासून हृदयाचं दुखणं, तर डॉक्टर काय लिहील? हृदयविकार. कोणी तक्रार करत नाही, कोणी पोलिसांना बोलावत नाही. अशा मरणात एकाच माणसाला काहीतरी खुपतं आणि ते खुपणं ऐकायला कोणी तयार नसतं. हौशी शोधकाची जागा इथे आहे. पोलीस मूर्ख असण्याची गरज नाही, त्यांना अजून बोलावणंच गेलेलं नाही. दोन मिनिटांचे बारा तास करा, तुमच्या दोन्ही तक्रारी बऱ्याच अंशी तिथेच मिटतील.

इतर झाडांची घड्याळं वेगळी आहेत. बचनागाचं फार घाईचं. जीभ आणि ओठ आधी झिणझिणतात, मग बधिर होतात, हृदयाचा ताल बिघडतो, पण माणूस बराच वेळ शुद्धीत असतो आणि बोलू शकतो. म्हणजे मरणाऱ्याच्या तोंडी शेवटचं वाक्य हवं असेल तर बचनाग. कुचल्याचे झटके इतके नाटकी असतात की बघणाऱ्याच्या मनात शंकाच उरत नाही, आणि रहस्यकथांनी ते वापरून वापरून गुळगुळीत केले आहेत. तो रस्ता सोडा. गुंजेबद्दल एवढंच, की तिचं बी अख्खं गिळलं तर टणक टरफलामुळे ते बरेचदा तसंच बाहेर पडतं, तेव्हा ‘गुंज गिळली आणि गेला’ हे वाक्य ज्यांच्या हस्तलिखितात आहे त्यांनी ते खोडावं.

मला स्वतःला सर्वांत जास्त मोह पडतो तो कळलावीचा. तिच्यात कोल्चिसिन असतं, तेच जे संधिवाताच्या एका प्रकारावर औषध म्हणून वापरतात. तिचं घड्याळ दुष्ट आहे. बरेच तास काहीच नाही. मग उलट्या-जुलाब, म्हणजे कोणालाही वाटावं की खाण्यात काही आलं. त्यानंतरच्या दिवसांत एकेक अवयव मान टाकतो. आणि यातून जो वाचतो त्याचे केस दोनेक आठवड्यांनी गळायला लागतात. ही शेवटची गोष्ट लेखकाला कोणी फुकट दिलेली भेट आहे. एकाच ताटातलं दोघांनी खाल्लं, एक गेला, एक वाचला. गेलेल्याचे अंत्यसंस्कार झाले, सगळे म्हणाले पोट बिघडलं होतं. तीन आठवड्यांनी वाचलेली बाई सुमतीबाईंच्या समोर बसून केस विंचरते आणि फणीत झुपका येतो. ती म्हणते, ‘आजारपणामुळे असेल.’ सुमतीबाई गप्प राहतात. या प्रसंगाला प्रयोगशाळा लागत नाही, अहवाल लागत नाही, फक्त फणी लागते.

धोत्र्याचं बळ मारण्यात नाही, भुलवण्यात आहे. बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडं पडतं, माणूस नसलेल्या गोष्टींशी बोलतो आणि नंतर मधला काळ त्याच्या स्मरणातून पुसला जातो. 1676 साली अमेरिकेत जेम्सटाऊनला बंड मोडायला आलेल्या काही सैनिकांच्या भाजीत धोत्रा गेला. ते अकरा दिवस वेड्यासारखे वागले, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना त्यातलं काही आठवेना. मी लेखकांना सांगतो की धोत्रा बळीला देऊ नका, साक्षीदाराला द्या. खोटं बोलणारा साक्षीदार वाचक चटकन पकडतो. प्रामाणिकपणे चुकीचं सांगणारा त्याला शेवटपर्यंत सापडत नाही.

पण तुम्ही कण्हेर घेतली आहे आणि ती बदलू नये असं माझं मत आहे. तिच्या पोटात एक गाठ आहे जी तुमच्या ग्रंथपाल बाईंनीच सोडवावी अशी आहे.

‘कण्हेर’ म्हणताना आपण दोन झाडं एका नावात कोंबतो. एक लाल, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांची. दुसरी पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, जिची फुलं नरसाळ्यासारखी असतात. वनस्पतिशास्त्रात या दोघींच्या प्रजाती वेगळ्या. दोघी विषारी, दोघी हृदयावरच काम करतात, पण झाड वेगळं, जागा वेगळी, आणि म्हणून कुंपणही वेगळं. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली वनस्पतींना सरसकट दोन शब्दांची नावं दिली ती याच घोळाला कंटाळून म्हणा ना. आता ग्रंथपालाचा जन्म कशात गेलेला असतो? एकाच नावाची दोन पुस्तकं वेगळी ठेवण्यात. कोणी काउंटरवर येऊन नुसतं नाव सांगितलं तर पहिला प्रश्न ‘लेखक कोण?’ हाच. घरातली प्रत्येक व्यक्ती ‘कण्हेर’ म्हणते तेव्हा सुमतीबाई सवयीने विचारतील, ‘कुठली?’ या एका शब्दात त्यांचा शोध सुरू होतो. त्यासाठी त्यांना विषशास्त्र यावं लागत नाही.

याला जोडून दुसरी गाठ. फॉक्सग्लव्ह या युरोपातल्या फुलझाडाच्या कुळातल्या झाडापासून मिळणारं डिगॉक्सिन हे हृदयाचं जुनं औषध आहे. ते रक्तात किती आहे हे मोजायची इस्पितळातली नेहमीची चाचणी प्रतिपिंडांवर, म्हणजे ठरावीक द्रव्याला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांवर चालते, आणि कण्हेरीतली द्रव्यं डिगॉक्सिनशी इतकी मिळतीजुळती असतात की चाचणी फसू शकते. माणसाने डिगॉक्सिनची गोळी कधी घेतलेली नसली तरी अहवालात डिगॉक्सिन दिसतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून द्रव्य ओळखणाऱ्या पद्धतीने तपासलं की दोन्ही वेगळी ओळखू येतात, पण ते कोणी तरी मागावं लागतं.

हे तुमच्या घरात आणून ठेवा. गृहस्थांना उलट्या होतात, इस्पितळात नेतात, रक्त घेतात, पहाटे ते जातात. दोन दिवसांनी अहवालात ‘डिगॉक्सिन’. घरात डिगॉक्सिन कोण घेतं? त्यांची बायको. आता संशय तिच्यावर आणि आता पोलीस येतात, योग्य वेळी, योग्य कारणाने, आणि चुकीच्या दारात. बायको सुमतीबाईंची मैत्रीण. तिच्या गोळ्यांची पाकिटं काढून दोघी टेबलावर मोजतात. किती तारखेला आणल्या, रोज किती, आज किती उरायला हव्यात. हिशोब चोख जुळतो. एकही गोळी कमी नाही. मग रक्तातलं डिगॉक्सिन आलं कुठून? पुन्हा तेच, वेष्टनावर नाव एक आणि आत पुस्तक दुसरं. हा प्रसंग सावकाश लिहा. एकेक गोळी मोजू द्या, मध्ये एकदा चुकू द्या, पुन्हा पहिल्यापासून मोजू द्या.

एक सावधानता. डिगॉक्सिनविरुद्ध जी प्रतिपिंडं औषध म्हणून देतात ती पिवळ्या कण्हेरीच्या विषबाधेतही उपयोगी पडतात. श्रीलंकेत झालेल्या चाचणीतून हे 2000 साली प्रसिद्ध झालं आहे. तेव्हा तुमचे गृहस्थ मोठ्या इस्पितळात वेळेत पोचले तर वाचूही शकतात, आणि जाणकार वाचक तुम्हाला ते विचारेल. त्यांना उशिरा न्या, किंवा वाचवा. वाचलेला बळी, ज्याला पुतण्यावर शंका घ्यायची नाहीये, हाही वाईट नाही.

आता बाईंची नजर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझा प्रांत.

प्रात्यक्षिकांत कण्हेरीचं पान दरवर्षी असायचंच. ब्लेडने त्याचा पातळ आडवा छेद घ्यायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि भिंगाखाली बघायचं. पानाच्या खालच्या बाजूला खोल खड्डे दिसतात, त्यांत केसांची गर्दी आणि त्या केसांच्या आड पर्णरंध्रं, म्हणजे पानाची श्वासाची छिद्रं दडलेली. पाणी वाचवायची ही युक्ती. विद्यार्थी बाकी सगळं विसरतात, ते केसाळ खड्डे विसरत नाहीत. पण हे सूक्ष्मदर्शकाचं झालं. नुसत्या डोळ्यांनी काय दिसतं? कण्हेरीच्या एका पेरावर बहुधा तीन पानं असतात. पान जाड, चामड्यासारखं. मधली शीर ठळक, आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना बारीक शिरा जवळजवळ काटकोनात निघतात, एकमेकींना समांतर, कंगव्याच्या दातांसारख्या दाट. बिट्टीची पानं एकाआड एक, अरुंद आणि चकचकीत. मधली शीर दिसते, पण बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. मोडली की पांढरा चीक.

म्हणजे नखाएवढा तुकडा हाती आला तरी बाई सांगू शकतात की हे कुठलं झाड. ग्रंथपालाला पान ओळखता यायलाच हवं, दोन्ही अर्थांनी.

हा तुकडा त्यांना मिळावा कसा? रात्री कुलूप तोडून पुतण्याच्या खोलीत शिरून नको. तुमच्या मसुद्यात त्या खिडकीतून उडी मारतात. निवृत्त बाईंना उड्या मारायला लावू नका. पुतण्याने सुमतीबाईंचीच बागेची कात्री मागून नेलेली असू द्या आणि अंत्यविधीनंतर सभ्यपणे परत करू द्या. पात्याच्या सांध्यात चिकाने चिकटलेला, वाळलेला एक तुकडा. बाई ती कात्री पुसायला घेतात. पुरावा त्यांच्या घरी स्वतःच्या पायांनी आला. तुकड्यावर बाजूच्या शिरा नाहीत. गृहस्थांच्या कुंपणाला आहे ती लाल कण्हेर, जिच्याकडे पहिल्या प्रकरणापासून सगळे बोट दाखवतायत. बिट्टी त्या घरात नाहीच. मग ती कुठे आहे? तिथून तुमच्या उत्तरार्धाला पाय फुटतात.

आणि हो, झाडाचा हंगाम, फुलाचा रंग, असले तपशील तपासा. मी स्वतः तोंडघशी पडलेलो आहे. माझ्या एका जुन्या कथेत नायिका फुलाच्या रंगावरून झाड ओळखते, तेही कुटुंबाच्या जुन्या फोटोवरून. फोटो कृष्णधवल असल्याचं मी दोन पानांआधीच लिहिलेलं होतं. छापून आल्यावर एका वाचकाने ते दोन्ही परिच्छेद एकाच कागदावर चिकटवून पाठवले, शेजारी एक शब्दही न लिहिता.

तज्ज्ञ नसलेल्या माणसाला असा शोध लागतो का, ही शंका तुमच्या वाचकांनी काढली असेल तर त्यांना विल्यम विदरिंगची गोष्ट सांगा. तो डॉक्टर होता, पण ही गोष्ट डॉक्टरकीची नाही, वनस्पती जाणणाऱ्या डोळ्यांची आहे. इंग्लंडात श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीकडे अंगाला आलेल्या सुजेवर गुण देणारं घराण्याचं औषध होतं. त्यात वीसेक वनस्पती. तिचा उतारा विदरिंगकडे आला तेव्हा त्याने पाहिलं की यातलं खरं काम करणारी एकच असू शकते, फॉक्सग्लव्ह. बाकीच्या नुसत्या गर्दीला. मग दहा वर्षं रोगी बघत त्याने ते पडताळलं आणि 1785 मध्ये पुस्तक छापलं. वीस संशयितांतून एक वेगळा काढायचा आणि मग घाई करायची नाही. शोधकाची याहून चांगली तालीम मला माहीत नाही.

‘सापडतच नाही असं विष’ हा मोह मात्र टाळा. मसुद्यात पुतण्या दोनदा तसं म्हणतो. 1850 साली बेल्जियममध्ये काउंट बोकार्मे याच भरवशावर होता. त्याने मेहुण्याला तंबाखूतून काढलेल्या निकोटिनने मारलं. तोवर वनस्पतींतली अशी द्रव्यं प्रेतात शोधून काढायची पद्धतच नव्हती. जाँ स्टास या रसायनतज्ज्ञाने ती याच खटल्यासाठी बसवली आणि 1851 मध्ये काउंटचं डोकं गिलोटिनखाली गेलं. पण मला त्या प्रकरणात स्टासइतकेच नोकर महत्त्वाचे वाटतात. काउंट दिवसरात्र कशाच्या तरी मागे लागला होता हे त्यांनी पाहिलं होतं. प्रेतावर आणि जमिनीवर व्हिनेगर ओतलेलं होतं. जेवणाच्या खोलीत इतकं व्हिनेगर कशाला, हा प्रश्न घर झाडणाऱ्याला पडतो, रसायनतज्ज्ञाला नंतर.

इंग्लंडमध्ये 1881 साली लॅम्सन नावाच्या डॉक्टरने आपल्या तरुण मेहुण्याला बचनागातलं विष दिलं. खटल्यात सरकारी तज्ज्ञ स्टीव्हन्सनने काय केलं, तर शरीरातून काढलेला अर्क चक्क स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि तासन्‌तास टिकणाऱ्या बधिरपणावरून विष ओळखलं. 1882 मध्ये लॅम्सन फासावर गेला. तुमच्या बाईंना असं काही चाखायला लावू नका. त्या काळच्या प्रयोगशाळेची गत किती वेगळी होती हे कळावं म्हणून सांगितलं.

मात्रा आणि कृती यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी बोलतो, कारण मसुद्याच्या नवव्या प्रकरणात पुतण्या अडीच पानं काहीतरी उकळत बसला आहे. ती अडीच पानं काढून टाका. किती पानं, किती वेळ, कशात, हे कादंबरीत असायचं कारण नाही. एक तर ते कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे लेखक म्हणून तुमचा तोटा होतो. खुनी काय करतोय हे दिसलं की शोधायला उरतं काय? दार बंद ठेवा. दाराबाहेर येणारा वास, नेहमीपेक्षा उशिरा विझलेला दिवा, धुऊन पालथं घातलेलं एक जादाचं भांडं, एवढं पुरे. या वनस्पती बहुतेक कडू असतात, तेवढं मात्र वापरा. मेलेला माणूस आदल्या रात्री ‘आज औषध जास्तच कडू लागलं’ असं सहज बोलून गेलेला असावा. ते वाक्य तिसऱ्या प्रकरणात टाका आणि लगेच कोणाला तरी विषय बदलू द्या.

शेवटी पोलिसांचं. बाईंनी कात्री पुसली आणि तुकडा पाकिटात घालून ठेवला, म्हणजे कोर्टाच्या दृष्टीने तो पुरावा त्यांनीच नासवला. कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला याची नोंद नाही, सील नाही. हे टाळू नका, वापरा. त्या अभिमानाने पाकीट घेऊन जातात आणि समोरची तरुण अधिकारी शांतपणे म्हणते, ‘आजी, हे मला चालणार नाही.’ ती वाईट नाही, मठ्ठही नाही, तिचं म्हणणं बरोबर आहे. त्या रात्री सुमतीबाईंना झोप लागत नाही. सकाळी त्या पुन्हा जातात, या वेळी पाकीट न घेता, आणि एवढंच विचारतात की रक्ताची ती तपासणी दुसऱ्या पद्धतीने करता येईल का, आणि बिट्टीचं झाड कुठे आहे ते बघायला कोणी माणूस पाठवता येईल का. गुन्हा सिद्ध करणं पोलिसांचं काम. योग्य प्रश्न नेऊन देणं बाईंचं. तुमचा तो अहवाल वाचून दाखवणारा इन्स्पेक्टर आता लागतच नाही, त्याला निरोप द्या.

पुनर्लेखन पहिल्या प्रकरणापासून करू नका. गोळ्या मोजण्याचा प्रसंग आधी लिहा. तो जमला तर त्याच्या आधी काय पेरायचं ते आपोआप दिसेल. लाल कण्हेरीचं कुंपण पहिल्या पानावर राहू द्या, आणि सुमतीबाई कुठूनतरी घरी परतताना त्यांच्या चपलेला चिकटून एक पिवळं फूल आत येऊ द्या. त्या ते काढून टाकतात आणि चहा ठेवतात, बस.